संशोधन जर्नलांच्या मुख्य संपादकपदी स्त्रिया: पद, अधिकार आणि तिथवरची वाट

आर्द्रा

'नेचर' १८६९ साली निघालं. तिथे पहिली स्त्री मुख्य संपादक आली २०१८ साली: मॅग्डालेना स्किपर, मूळच्या जनुकशास्त्रातल्या. 'सायन्स'मध्ये मार्शिया मॅकनट २०१३ साली आल्या. वैद्यकातल्या जर्नलांत हे थोडं आधी घडलं. १८१२ साली सुरू झालेल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ची सूत्रं १९९९ मध्ये मार्शिया एंजेल यांच्याकडे गेली, पण हंगामी म्हणून. 'जामा'त २००० साली कॅथरीन डीअँजेलिस आल्या, 'बीएमजे'त २००५ साली फिओना गॉडली. गॉडली २०२१ पर्यंत त्या पदावर होत्या.

ही नावं बऱ्याच जणांना माहीत असतील. मला बोलायचंय ते त्यांच्यामागच्या गणिताबद्दल. २०२३ साली 'नेचर ह्यूमन बिहेव्हियर'मध्ये एक मोठा अभ्यास आला. पाच दशकं, हजारावर जर्नलं, १५ विद्याशाखा, ८१ हजारांवर संपादक. लेखकांत स्त्रिया २६ टक्के, संपादकांत १४ टक्के, मुख्य संपादकांत ८ टक्के. पुढचा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा आहे. संपादकांमधली तफावत कारकिर्दीच्या लांबीवरून समजावता येते, म्हणजे संशोधनात दीर्घकाळ टिकलेल्या स्त्रियाच कमी, म्हणून संपादकही कमी. मुख्य संपादकांच्या बाबतीत मात्र हे उत्तर पुरत नाही. तेवढीच वर्षं काम केलेल्या स्त्रियाही त्या खुर्चीपर्यंत कमी पोचतात.

तर प्रश्न असा की १४ आणि ८ यांच्यामध्ये नेमकं काय होतं? नेमणूक कोण करतं, कशावरून करतं, आणि ती वाट कुठे अडते? संपादकीय कार्यालय, विद्वत्सभा (एखाद्या विषयातल्या अभ्यासकांची संस्था), विद्यापीठ प्रकाशन यांतलं ज्यांना आतून माहीत आहे त्यांनी तपशिलात लिहावं. 'मानसिकता बदलायला हवी' एवढ्यावर थांबू नये, ही विनंती.

मोडीवाचक

चांगला धागा. सुरुवातीलाच एक सावधगिरी. ते ८ टक्के पाच दशकांची बेरीज आहे, आजचा आकडा नव्हे. त्यात १९७०च्या दशकातली मंडळंही आली. दुसरं, स्त्री-पुरुष ओळख नावावरून संगणकाने ठरवलेली आहे. भारतीय नावांवर ही पद्धत किती अडखळते ते पुढे लिहितो. दिशा बरोबर आहे, पण 'आज जगात ८ टक्के' असं कुणी भाषणात सांगू नये.

कोयनाकाठ

नेमणूक कोण करतं, यापासून सुरुवात करू, कारण बाहेरून 'संपादक' हा एकच शब्द दिसतो आणि आत चार वेगवेगळ्या खुर्च्या असतात.

पहिली मुख्य संपादकाची. पेपर परीक्षणाला न पाठवता परत करायचा का (याला डेस्क रिजेक्शन म्हणतात), कुठल्या सहसंपादकाकडे द्यायचा, शेवटी स्वीकारायचा का, हे ती ठरवते. सहसंपादक निवडणं आणि विशेषांकाला परवानगी देणं हेही तिच्याच हातात. दुसरी खुर्ची सहसंपादकाची, म्हणजे पेपर हाताळणाऱ्याची. रिव्ह्यूअर (पेपरचं परीक्षण करून अहवाल देणारे तज्ज्ञ) शोधणं, आठवण करणं, शिफारस लिहिणं. मेहनत सगळ्यात जास्त इथे. तिसरं संपादक मंडळ. बऱ्याच जर्नलांत मंडळ म्हणजे मुखपृष्ठाच्या आतली नावांची यादी, वर्षाकाठी चार-सहा पेपर तपासणं आणि एक बैठक. चौथी प्रकाशकाच्या बाजूची: जर्नलचं अर्थकारण बघणारी पब्लिशर, मॅनेजिंग एडिटर, पुस्तकांसाठी कमिशनिंग एडिटर, आणि वर कंपनीची प्रमुख.

आता नेमणूक. विद्वत्सभेचं जर्नल असेल तर सभेची प्रकाशन समिती नाव ठरवते. प्रकाशकाचंच जर्नल असेल तर तिथली पब्लिशर ठरवते, आणि बहुतेक वेळा मावळत्या मुख्य संपादकाला विचारते, 'तुमच्या नजरेत कोण आहे?' आर्द्रा, तुमच्या १४ आणि ८ च्या मधली जागा ही. जाहिरात नाही, अर्ज नाही, एका माणसाच्या डोळ्यासमोर येणारी तीन नावं. ती तीन नावं सहसा त्याच्याबरोबर शिकलेल्या, परिषदांत भेटलेल्या लोकांची असतात. कुणाचा वाईट हेतू असण्याची गरजच पडत नाही.

यावर चालणारा उपाय माहीत आहे आणि स्वस्त आहे. मुदत संपायच्या १२ महिने आधी जाहीर सूचना, स्वतःचं नाव सुचवण्याची मुभा, निवड समितीत मावळता संपादक मतदानाशिवाय, आणि पदाची मुदत कागदावर: तीन वर्षं, एकदाच वाढवता येणारी. मुदत नसलेली खुर्ची वीस-वीस वर्षं रिकामी होत नाही. मग यादीत कितीही लायक स्त्रिया असोत, जागाच निघत नाही.

निशिगंध

कोयनाकाठ यांच्या दुसऱ्या खुर्चीच्याही एक पायरी खाली यायला हवं, कारण गळती तिथूनच सुरू होते. सहसंपादक निवडताना बघतात ते 'या व्यक्तीने आपल्यासाठी किती आणि कसं परीक्षण केलंय' हे. परीक्षणाला बोलावणंच आलं नाही तर पुढचं सगळं खुंटतं.

अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या जर्नलांची २०१२ ते २०१५ची आकडेवारी २०१७ साली 'नेचर'मध्ये आली होती. छापलेल्या पेपरांच्या पहिल्या लेखकांत स्त्रिया साधारण २७ टक्के, रिव्ह्यूअरांत २० टक्के. आणि हे प्रत्येक वयोगटात. म्हणजे 'ज्येष्ठ स्त्रिया कमी आहेत म्हणून' हा खुलासा तिथे लागू पडत नाही. त्याच वर्षी 'ईलाइफ'मधल्या दुसऱ्या अभ्यासाने फ्रंटियर्स या प्रकाशकाच्या जर्नलांतले ९ हजार संपादक आणि ४३ हजार रिव्ह्यूअर तपासले. संपादक आपल्याच लिंगाच्या रिव्ह्यूअरला झुकतं माप देतात, असं दिसलं. पुरुषांमध्ये हा कल सगळीकडे पसरलेला, स्त्रियांमध्ये थोड्या जणींत पण ठळक.

टेबलावर हे कसं घडतं ते बघा. सहसंपादकासमोर पेपर येतो. दोन अहवाल हवे असतात, त्यासाठी पाच-सहा आमंत्रणं पाठवावी लागतात, कारण निम्म्याहून जास्त लोक नाही म्हणतात किंवा उत्तरच देत नाहीत. नावं येतात चार ठिकाणांहून: स्वतःची आठवण, लेखकाने सुचवलेली नावं, पेपरातली संदर्भसूची, आणि सॉफ्टवेअरचा शोध. पहिल्या तीन ठिकाणी प्रस्थापित नावंच पुन्हा पुन्हा येतात. नवं माणूस सापडायची शक्यता फक्त चौथ्या वाटेत, आणि घाईत तीच वाट गाळली जाते.

म्हणून सहसंपादकांना द्यायची सूचना अशी असावी: आमंत्रणाआधी सहा नावांची यादी पूर्ण करा, त्यातली किमान दोन सॉफ्टवेअरच्या शोधातून किंवा गेल्या तीन वर्षांतल्या पेपरांच्या पहिल्या लेखकांतून घ्या, आणि यादीत किमान दोन स्त्रिया असल्याशिवाय पहिलं आमंत्रण पाठवू नका. एकेक नाव आठवत एकेक आमंत्रण पाठवत गेलं की आठवणीचाच कल जिंकतो. आधी पूर्ण यादी करून मग पाठवलं की तो कल स्वतःलाच दिसतो.

चांदणवेल

निशिगंध, याची दुसरी बाजू. 'किमान दोन स्त्रिया' हा नियम झाला की विषयातल्या त्याच चार-पाच जणींना महिन्याला दहा-दहा आमंत्रणं जातात. त्या नाही म्हणतात, आणि मग नोंद होते 'स्त्रिया नकार जास्त देतात'. यावर काय करायचं?

निशिगंध

बरोबर मुद्दा. भार मोजायचा. ओपन जर्नल सिस्टिम्स हे जर्नल चालवायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर रिव्ह्यूअर निवडायच्या यादीतच प्रत्येकासमोर आकडे असतात: सध्या हातात किती, पूर्ण किती केले, किती नाकारले, सरासरी किती दिवस लागले, शेवटचं काम देऊन किती दिवस झाले. ज्यांच्या हातात एक काम चालू आहे त्यांना दुसरं देऊ नका आणि दोन कामांत तीन महिन्यांचं अंतर ठेवा. मग नवी नावं शोधावीच लागतात. नकार देणाऱ्याला 'तुमच्याऐवजी दोन नावं सुचवाल का, त्यांतलं एक पीएचडी होऊन पाच वर्षांच्या आतलं' असं विचारा. हे एक वाक्य नकाराच्या पत्राच्या साच्यात घातलं की यादी आपोआप वाढत राहते.

मोडीवाचक

आता मोजणी. 'आमच्याकडे ३० टक्के स्त्रिया आहेत' या वाक्याला अर्थ नाही. कुठल्या टप्प्यावर ३० टक्के? मोजायचं ते पाच जागी: पेपर पाठवणारे, परीक्षणाला बोलावलेले, होकार दिलेले, अहवाल वेळेत दिलेले, आणि सहसंपादक.

मानलेले आकडे घेऊ. वर्षात १,२०० आमंत्रणं, त्यांतली २४० स्त्रियांना. स्त्रियांपैकी १२० जणींनी होकार दिला, पुरुषांपैकी ९६० मध्ये ४८० जणांनी. रिव्ह्यूअरांत स्त्रिया २० टक्के. होकाराचं प्रमाण दोन्हीकडे ५० टक्केच आहे, म्हणजे अडचण पूर्णपणे आमंत्रणात आहे. हेच आमंत्रणं ४०० आणि होकार १२० असते तर दुखणं वेगळं: तीन आठवड्यांची मुदत, सुट्ट्यांत पाठवलेली आमंत्रणं किंवा वर चांदणवेल म्हणतात तो भार. शेवटचा आकडा एकच, औषध वेगळं.

नावावरून ओळखण्याच्या अडचणी: किरण, ज्योती, शीतल, सुमन, शशी. यांतली बरीच नावं दोघांचीही असतात आणि प्रांताप्रमाणे बदलतात. आद्याक्षरं लिहिणाऱ्यांचं तर काहीच कळत नाही. शिवाय स्त्री-पुरुष यापलीकडच्या ओळखी यात बसतच नाहीत. म्हणून विचारून घेणं हाच बरा मार्ग. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या पुढाकाराने २०२० पासून अनेक प्रकाशकांचा एक संयुक्त प्रयत्न चालू आहे, त्यातून स्वतः माहिती भरण्याचे सामाईक प्रश्न तयार झाले. 'सांगायचं नाही' हा पर्याय त्यात ठेवावाच लागतो. आणि ही माहिती पेपर हाताळणाऱ्या सहसंपादकाला दिसता कामा नये. फक्त एकत्रित अहवालात यावी.

लेखणी_कोल्हापूर

नावाचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचा एक खास प्रश्न. आपलं नाव तीन भागांचं. लग्नानंतर आडनाव बदलतं तसं मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं येतं. त्यामुळे पीएचडीच्या काळातल्या 'एस. व्ही. जोशी' पुढे 'एस. आर. देशपांडे' होतात. आद्याक्षरात पहिलं अक्षर सोडून काहीच जुळत नाही. स्कोपस या संशोधन-पेपरांच्या सूचीत दोन वेगळ्या लेखक-नोंदी तयार होतात, उद्धरणं (इतरांनी आपल्या पेपरांचे दिलेले संदर्भ) दोन्हीकडे विभागली जातात आणि नेमणूक समितीसमोर अर्धीच कारकीर्द येते. संपादकपदासाठी नाव चर्चेला येतं तेव्हा बहुतेक समित्या हाच छापील सारांश बघतात.

दुरुस्तीची पद्धत: ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) काढा, फुकट आहे. त्यात 'या नावांनीही ओळख' या रकान्यात जुनी-नवी सगळी रूपं लिहा: पूर्ण नाव, आद्याक्षरांसह, मधल्या नावाशिवाय. मग स्कोपसच्या लेखक-दुरुस्ती पानावर जाऊन दोन्ही नोंदी निवडा, एकत्र करा अशी विनंती पाठवा, आणि पसंतीचं नाव एकच ठेवा. एकत्रीकरण झालं की ऑर्किडवर पेपरांची यादी खेचून घ्या आणि चुकून दुसऱ्या कुणाचे पेपर आले असतील तर काढा. आडनाव देशपांडे, कुलकर्णी, पाटील असेल तर ही तपासणी नक्की करा, एकाच आद्याक्षराचे दहा जण निघतात.

पहिला पेपर पाठवणाऱ्या विद्यार्थिनींना मार्गदर्शकांनी हे तेव्हाच सांगायला हवं: छापील नाव एकदाच ठरवा आणि कागदोपत्री नाव काहीही झालं तरी तेच ठेवा. आधीच्या पेपरांवरचं नाव बदलायचं असेल तर २०२० नंतर बऱ्याच मोठ्या प्रकाशकांनी गाजावाजा न करता, सूचना न छापता नाव बदलून देण्याचं धोरण आणलंय. विचारायला हरकत नाही.

सोनचाफा

मला ई-मेलने एका जर्नलच्या 'संपादक मंडळावर' यायचं आमंत्रण आलंय. विषय माझ्याशी थोडासाच जुळतो. स्वीकारावं का? खरं-खोटं कसं ओळखायचं?

कोयनाकाठ

सोनचाफा, हे जरूर वाचा. पोलंडमधल्या काही संशोधकांनी एक काल्पनिक विदुषी तयार केली, 'ॲना ओ. शुस्ट'. पोलिश भाषेत 'ओशुस्ट' म्हणजे भामटा. बनावट पदव्या, बनावट पुस्तकं, एकही खरा पेपर नाही. तिचा संपादकपदासाठीचा अर्ज ३६० जर्नलांना पाठवला. ४८ जर्नलांनी तिला संपादक केलं. हा प्रयोग २०१७ साली 'नेचर'मध्ये छापून आला. तेव्हा आमंत्रण येणं ही गुणवत्तेची पावती नसते.

तपासायचं ते असं. जर्नल डीओएजे (वाचायला खुल्या जर्नलांची सूची) किंवा स्कोपसमध्ये आहे का, ते त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन बघा. जर्नलच्या पानावरच्या चिन्हावर विसंबू नका, चिन्ह कुणीही डकवतं. कोप, म्हणजे प्रकाशन-नीतीची समिती, तिच्या सदस्ययादीत नाव शोधा. मंडळावरच्या दोन जणांच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का ते बघा, नसेल तर त्यांना थेट विचारा. बऱ्याचदा त्यांना आपलं नाव तिथे असल्याचं माहीतच नसतं. गेल्या अंकातले तीन पेपर वाचा. पाठवल्याची आणि स्वीकारल्याची तारीख यांत आठवडाच असेल तर परीक्षण झालेलं नाही. आणि मंडळावर यायला पैसे किंवा 'दरवर्षी दोन पेपर आणून द्या' अशी अट असेल तर तिथेच थांबा.

भारतात याला आता जास्त महत्त्व आलंय. पुण्यातून, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालणारी यूजीसी-केअर ही दर्जेदार जर्नलांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. कुठलं जर्नल चांगलं हे आता संस्थांनी स्वतः पारखायचं आहे. त्यामुळे मंडळावरचं तुमचं नाव हे दुसऱ्या कुणासाठी तरी भरवशाची खूण ठरतं. ते उसनं देऊ नका.

आर्द्रा

उत्तम. आता पुढची पायरी. समजा मुख्य संपादकपदाचा खरा प्रस्ताव आला. सही करण्याआधी काय विचारायचं?

रेवदंडा

करारावर लिहितो, कारण नेतृत्व पदाच्या नावात नसतं, करारातल्या कलमांत असतं.

जर्नलच्या नावाची मालकी कुणाची, हा पहिला प्रश्न. 'न्यूरोइमेज' या मेंदू-संशोधनाच्या जर्नलचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या चाळीसहून अधिक संपादकांनी एकत्र राजीनामे दिले, लेखकांकडून घेतलं जाणारं ३,४५० डॉलर शुल्क कमी करायला प्रकाशक तयार नव्हता म्हणून. माणसं बाहेर पडली, नाव प्रकाशकाकडेच राहिलं. त्यांनी 'इमेजिंग न्यूरोसायन्स' हे नवं जर्नल एमआयटी प्रेसकडे सुरू केलं. त्या प्रेसच्या संचालक २०१५ पासून एमी ब्रँड आहेत. नव्या जर्नलला घर देणारी ही दुसऱ्या बाजूची खुर्चीही नेतृत्वाचीच. (पेपरात कुणी काय काम केलं हे १४ भूमिकांत सांगणारी 'क्रेडिट' पद्धत घडवण्यातही त्या होत्या. प्रयोग करणारी मुलगी आणि शेवटचं नाव असलेले सर यांचं काम वेगवेगळं दिसायला लागलं, हे या विषयाला धरूनच आहे.)

दुसरं, संपादकीय स्वातंत्र्याचं कलम. वर्षाला किती पेपर छापायचे याचं लक्ष्य प्रकाशक लादू शकतो का? दुसऱ्या जर्नलात नाकारलेला पेपर इकडे वळवण्याची सक्ती आहे का? विशेषांकाचा अंतिम निर्णय कुणाचा? इथे गुळगुळीत भाषा असेल तर पद शोभेचं.

तिसरं, काढून टाकण्याचं कलम. किती महिन्यांची सूचना, कारण द्यावं लागेल का, विद्वत्सभेची संमती लागेल का.

चौथं, मनुष्यबळ. मॅनेजिंग एडिटरचा पगार कोण देतं आणि आठवड्याचे किती तास? पाचवं, कायदेशीर संरक्षण. मागे घेतलेल्या पेपरावरून लेखकाने नोटीस पाठवली तर वकिलाचा खर्च कुणाचा? हे लेखी नसेल तर तो खर्च संपादकाच्याच अंगावर येऊ शकतो.

आणि मानधन विचारा. संकोच करू नका. आधीच्या संपादकाला किती होतं तेही विचारा. रक्कम ठरलेली नसते, मागणाऱ्याला मिळते.

चांदणवेल

वेळेचा हिशेबही करारासोबतच मांडायला हवा. वर्षाला ४०० पेपर म्हणजे आठवड्याला साधारण ८. प्राथमिक वाचनाला प्रत्येकी २० मिनिटं धरली तर २ तास ४० मिनिटं. त्यातले निम्मे परीक्षणाला गेले तर आठवड्याला ४ अंतिम निर्णय, प्रत्येकी पाऊण ते एक तास: आणखी ३ ते ४ तास. तक्रारी, वाङ्मयचौर्याच्या शंका, सहसंपादकांशी बोलणं याचे २ तास. म्हणजे दर आठवड्याला एक पूर्ण दिवस. बढतीच्या अर्जात पेपर मोजले जातात, हा दिवस फारसा मोजला जात नाही. म्हणून होकार देण्याआधी विभागप्रमुखाकडून एक विषय कमी शिकवण्याची लेखी सवलत घ्यावी. पद मिळाल्यावर ही सवलत मागितली तर मिळणं अवघड जातं.

दोघींनी मिळून सहमुख्य संपादक होणं हा चांगला तोडगा आहे. पण वाटणी महिन्यांवर करू नये, विषयांवर करावी. 'जानेवारी ते जून ती, मग मी' असं केलं की अर्धवट राहिलेल्या पेपरांची जबाबदारी कुणाचीच उरत नाही. आणि एकीचा स्वतःचा पेपर आला तर तो दुसरीच्या हाती न जाता बाहेरच्या पाहुण्या संपादकाकडे जावा, हे जर्नलच्या पानावर छापून ठेवावं.

लेखणी_कोल्हापूर

सगळी चर्चा विज्ञानाच्या जर्नलांवर चाललीय. समाजशास्त्रात आणि पुस्तकांत वेगळी वाट दिसते: स्त्रियांनी खुर्चीची वाट न बघता प्रकाशनच काढलं.

सारा मिलर मॅक्यून यांनी १९६५ साली, वयाच्या २४ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये सेज सुरू केलं. सारा आणि जॉर्ज (त्यांचे पुढे झालेले पती) या दोन नावांतली अक्षरं घेऊन ते नाव झालं. १९८१ मध्ये सेज भारतात आलं. २०२१ साली त्यांनी कंपनीची सूत्रं एका ट्रस्टकडे दिली, विकली जाऊ नये म्हणून. मालकीचा प्रश्न आधीच सोडवून ठेवणं म्हणजे काय, ते यात दिसतं.

दिल्लीत उर्वशी बुटालिया आणि रितू मेनन यांनी १९८४ साली काली फॉर विमेन काढलं. बुटालिया त्याआधी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस आणि लंडनच्या झेड बुक्समध्ये काम करून आल्या होत्या, म्हणजे छपाई-संपादनाची कारागिरी हातात होती. २००३ मध्ये त्याचे झुबान आणि विमेन अनलिमिटेड असे दोन भाग झाले. कोलकात्यात मंदिरा सेन यांनी १९९० साली 'स्त्री' सुरू केलं. आपला थेट संबंध इथे येतो. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राच्या शर्मिला रेगे यांचं दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरचं पुस्तक झुबानने २००६ साली काढलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा जो इतिहास मराठीत लिहिला, त्याचं वंदना सोनाळकर यांनी केलेलं इंग्रजी भाषांतरही २००८ मध्ये झुबाननेच छापलं. हस्तलिखित कुणाला वाचायला द्यायचं, 'हे संशोधन आहे की नुसती साक्ष' हे कुणी ठरवायचं, ती जागा या प्रकाशक स्त्रियांच्या हातात होती म्हणून हे ग्रंथ अभ्यासक्रमांत पोचले.

मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चं उदाहरण मधल्या वाटेचं. तिथली स्त्री अभ्यासाची पुरवणी १९८५ पासून निघते आणि तिचं संपादन अभ्यासक स्त्रियांनी केलं, मैत्रेयी कृष्णराज त्यांत आघाडीवर. पाहुणी संपादक म्हणून पूर्ण अंक हाताळणं, म्हणजे विषय ठरवणं, लेख मागवणं, परीक्षण, कापाकापी आणि मुदत. मुख्य संपादकपदाची याहून चांगली तालीम नाही. आज ज्यांना ती वाट हवी आहे त्यांनी विशेषांकाचा प्रस्ताव पाठवावा: दोन पानं, सहा ते आठ संभाव्य लेखक, बारा महिन्यांचं वेळापत्रक. एकच चूक टाळावी, सगळे लेखक ओळखीचे नकोत. मग आपणही वर सांगितलेल्या तीन नावांच्या वाटेनेच गेलो.

रानवारा

परीक्षण दुहेरी अंध केलं, म्हणजे लेखकाचं नाव रिव्ह्यूअरला दिसू दिलं नाही, तर निम्मे प्रश्न सुटतात ना?

मोडीवाचक

रानवारा, पुरावा तेवढा सरळ नाही. 'बिहेव्हियरल इकॉलॉजी'ने २००१ मध्ये ही पद्धत आणली आणि स्त्री पहिल्या लेखक असलेले पेपर वाढले, असं २००८ साली छापून आलं. पण लगेच आक्षेप आले की ही पद्धत नसलेल्या जर्नलांतही त्या काळात तशीच वाढ दिसते. पुढे 'फंक्शनल इकॉलॉजी'ने चिठ्ठ्या टाकल्यासारखं पेपर वाटून, काही नावासह आणि काही नावाशिवाय, रीतसर प्रयोग केला. २०२३ साली निष्कर्ष आला: स्त्री-पुरुष फरकावर परिणाम दिसला नाही, पण श्रीमंत देशांतल्या लेखकांना मिळणारं झुकतं माप कमी झालं. म्हणजे सोलापूरच्या किंवा पणजीच्या संशोधिकेला फायदा होऊ शकतो, तो स्त्री म्हणून नव्हे, पत्त्यामुळे. पद्धत जरूर आणा, पण रिव्ह्यूअरची निवड आणि संपादकाची नेमणूक यांना ती हातही लावत नाही.

रेवदंडा

कंपन्यांच्या बाजूबद्दल थोडक्यात. एल्सव्हियर या मोठ्या प्रकाशन कंपनीच्या प्रमुखपदी २०१९ साली कुमसाल बायाझित आल्या, प्लॉस या खुल्या जर्नलांच्या प्रकाशकाच्या प्रमुखपदी २०१७ साली ॲलिसन मुडिट. वरच्या एका खुर्चीवरून आतलं चित्र कळत नाही. ते कळायची जागा म्हणजे ब्रिटनमधले पगार-तफावतीचे अहवाल. २५० किंवा त्याहून जास्त नोकर असलेल्या खासगी कंपन्यांना दरवर्षी ४ एप्रिलपर्यंत ते सरकारी संकेतस्थळावर टाकावे लागतात, पहिले २०१८ साली आले. वाचताना सरासरी सोडा, ताशी पगाराच्या मध्यकातली (पगारांच्या रांगेत बरोबर मधल्या व्यक्तीच्या पगारातली) तफावत बघा, आणि चार पगारगटांतलं स्त्रियांचं प्रमाण बघा. खालच्या तीन गटांत स्त्रिया बहुसंख्य आणि वरच्या गटात एकदम घट असेल तर बढती कुठे थांबते ते कळलं. भारतात नोकरीच्या मुलाखतीला जाताना त्याच कंपनीचा ब्रिटनचा अहवाल वाचून जावा.

सोनचाफा

सगळ्यांचे आभार. ते आमंत्रण नाकारलं, डीओएजेमध्ये जर्नल सापडलं नाही. शेवटचा प्रश्न: चांगल्या जर्नलात रिव्ह्यूअर म्हणून स्वतःहून नाव कळवता येतं का? कसं?

निशिगंध

येतं, आणि सहसंपादकांना ते हवं असतं. आधी जर्नलच्या प्रणालीत खातं उघडा. तिथे विषयांची वर्गवारी भरायची जागा असते, ती भराच. खातं असूनही वर्गवारी रिकामी असेल तर सहसंपादकाच्या शोधात नाव कधीच येत नाही. ही चूक फार जण करतात. विषय नेमके लिहा. 'पर्यावरण' नको, 'गोड्या पाण्यातील शैवाल, सूक्ष्मदर्शकाने गणना' असं हवं. पद्धतीचं नाव घाला, कारण दुसरा रिव्ह्यूअर बहुतेक वेळा पद्धतीसाठीच शोधतात.

मग मुख्य संपादकाला न लिहिता तुमच्या विषयाच्या सहसंपादकाला लिहा. मजकूर असा, इंग्रजीत करून घ्या:

'मी अमुक विषयात काम करते. तुमच्या जर्नलात गेल्या वर्षी आलेल्या या दोन पेपरांच्या पद्धतीशी माझं काम जुळतं. मी अमुक तंत्र आणि अमुक सांख्यिकी तपासू शकते, अमुक भाग माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. तीन आठवड्यांत अहवाल देऊ शकते, वर्षाला चार पेपर. ऑर्किड क्रमांक आणि दोन पेपरांचे दुवे सोबत.'

'आवाक्याबाहेरचा भाग' हे वाक्य गाळू नका. त्यावरूनच सहसंपादकाला भरवसा वाटतो. पहिला अहवाल एक ते दोन पानांचा करा: पेपर काय म्हणतो ते चार ओळींत, मग निष्कर्ष डळमळीत करणाऱ्या त्रुटी, मग किरकोळ. पान आणि ओळ क्रमांक द्या. मुदत चुकणार असेल तर चार दिवस आधी कळवा. असे सहा-आठ अहवाल झाले की त्याच सहसंपादकाला पुन्हा लिहा आणि मंडळाच्या पुढच्या फेरीत नाव घ्याल का, असं सरळ विचारा. बहुतेक मंडळं वर्षअखेरीस नव्याने जुळवली जातात, त्यामुळे हे पत्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जायला हवं.